सांगलीत काँगो टेट्राचा घोळका पाळायचा तर

दुकानातली काँगो टेट्राची पिल्लं बघून कुणी हरखून जात नाही. तीन-चार सेंटीमीटरचे फिकट चंदेरी मासे, भाव मात्र गप्पी-मॉलीच्या कितीतरी पट. म्हणून गिऱ्हाईक दोन घेतं, फार तर चार, आणि घरच्या टाकीत बार्ब आणि एंजलच्या गर्दीत सोडून देतं. थोड्याच दिवसांत हे मासे फिल्टरच्या मागे जाऊन बसतात आणि ‘हा मासा लाजाळू आहे’ असा शेरा बसतो. लाजाळू तो आहेच, पण त्याहून जास्त तो एकटा पडलेला असतो. चार फुटी टाकीत दहा-बारा काँगो टेट्रा वर्षभर नीट राहिले, की नराच्या अंगावर निळा, मध्ये तांबूस-सोनेरी आणि खाली पुन्हा निळा असे पट्टे उजेडाच्या कोनाप्रमाणे बदलत जातात. ते बघितल्यावर दुकानातल्या भावाची तक्रार राहत नाही.

माझं स्पष्ट मत आहे: सहा जातींचे दोन-दोन मासे पाळण्याऐवजी या एका जातीचे बारा पाळावेत. त्यासाठी काय काय करावं लागतं ते इथे सांगलीचं पाणी आणि सांगलीचा उन्हाळा धरून लिहितो. सातारा-कराडकडच्या मंडळींना उन्हाळ्याचा भाग थोडा कमी लागेल, बाकी सगळं तेच.

मासा मुळात कुठला

काँगो नदी सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडते. तिच्या खोऱ्याच्या कुठल्या ना कुठल्या भागात नेहमी पावसाळा चालू असतो, त्यामुळे आपल्या कृष्णेसारखा मे महिन्यात तळ आणि ऑगस्टमध्ये महापूर असा प्रकार तिथे नाही. या खोऱ्याच्या मधल्या भागात, आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, हा मासा राहतो. बूलंजे या शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. फेनॅकोग्रॅमस इंटरप्टस हे त्याचं शास्त्रीय नाव. नर साधारण ८ सेंटीमीटरचा, मादी ६ सेंटीमीटरच्या आसपास.

डोक्यावर जंगलाची सावली, पाण्यात पडलेली पानं आणि लाकडं, त्यांच्या अर्कानं तांबूस झालेलं मऊ पाणी, अशा ठिकाणी हा वाढतो. खाणं मिश्र: पाण्यात पडलेले किडे, अळ्या, बारीक कवचधारी जीव, जोडीला शेवाळ आणि कोवळा पाला. त्याच्याच अॅलेस्टिडी कुळात गोलिआथ टायगरफिश नावाचा दीड मीटरपर्यंत वाढणारा शिकारी आहे आणि तोही याच नदीत फिरतो. घरात असले भाऊबंद असल्यावर घोळका करून राहण्याची सवय का लागली, हे वेगळं सांगायला नको.

घोळका वाचायला शिका

टाकी मांडण्याआधी हे समजून घेतलं तर पुढचे निर्णय आपोआप होतात.

नवीन माणसाला घट्ट घोळका आवडतो. सगळे मासे एकाच दिशेला तोंड करून, एकमेकांना चिकटून, एकदम वळतात. दिसतं सुंदर, पण असा आवळलेला घोळका म्हणजे मासे घाबरलेले आहेत. शिकाऱ्याला एक मासा निवडता येऊ नये म्हणून ते असे एकवटतात. नजर आणि अंगावरच्या पार्श्वरेषेची (पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या कुशीवरच्या रेषेची) जाणीव, या दोन्हींच्या जोरावर प्रत्येक मासा शेजाऱ्याचं अंतर सांभाळतो. धोका नाही असं पटलं की घोळका सैल होतो. दोन मासे एका टोकाला पानं चोखत बसतात, एखादी मादी तळाशी फिरते, नर मधल्या मोकळ्या पाण्यात येतात.

मग खरा खेळ सुरू होतो. दोन नर शेजारी शेजारी येतात, पाठीवरचा लांब पर ताठ उभा करतात आणि शेपटी पसरतात. शेपटीच्या मधल्या काड्या वाढून झालर सुटलेली असते, ती थरथरवत दोघं एकमेकांभोवती गोल फिरतात. चावाचावी फारशी होत नाही. थोड्या वेळानं एकजण पर मिटून बाजूला होतो. हे दिसायला लागलं म्हणजे टाकी जमली असं समजा. तीनच मासे असले तर हा सगळा जोर एकाच कमजोर नरावर निघतो आणि त्याच्या परांच्या चिंध्या होतात. आठ-दहा असले की तो वाटला जातो. म्हणून किमान सहा, जागा असेल तर दहा ते बारा, आणि त्यात निम्म्याहून जास्त माद्या.

आणखी एक गोष्ट. या माशांच्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. आपल्या रोहू-कटल्यालाही ती असते. त्यामुळे त्यांना ऐकू चांगलं येतं. टाकी टीव्हीच्या स्पीकरशेजारी किंवा आपटणाऱ्या दाराजवळ ठेवू नका. घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असेल तर टाकी आतल्या खोलीत असलेली बरी. डीजेच्या दणक्यानं बिचकलेला मासा वरच्या काचेवर जाऊन आदळतो.

टाकी: उंचीपेक्षा लांबी

हा मासा आडवा पोहतो. दोन फूट उंच शोभेची टाकी त्याच्या काही कामाची नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असं माप धरा. काठोकाठ भरली तर ती २५० लिटरच्या वर जाते. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्षात २०० ते २२० लिटर पाणी राहतं. काच, वाळू, पाणी मिळून वजन तीनशे किलोच्या घरात. प्लायच्या शोकेसवर ते ठेवायचं धाडस करू नका. लोखंडी अँगलचं स्टँड करून घ्या, लेव्हल बघा, टाकीखाली थर्माकोलची शीट टाका.

झाकण हवंच. हा मासा उडी मारतो, आणि उडी मारलेला मासा बहुतेक वेळा सकाळी सोफ्याखाली सापडतो. काचेच्या पट्ट्यांचं झाकण करून मागच्या बाजूला नळीपुरती फट ठेवा.

तळाला काळपट बारीक वाळू घाला. पांढऱ्या खड्यांवर आणि रंगीत गोट्यांवर हा मासा फिका पडतो. आधी वाळूची परीक्षा करा: वाटीभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसले तर त्यात चुनखडी आहे, म्हणजे ती पाणी कायम कडक करत राहणार. ती वाळू नको. क्रश सँडही नको, तिच्या धारदार कडांनी तळाला राहणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात.

लाकूड पूर्ण वाळलेलं, कठीण जातीचं घ्या. मोठ्या पातेल्यात उकळा, मग बुडेपर्यंत भिजत ठेवा. पाणी तपकिरी होईल, ते आपल्याला हवंच आहे. त्याच कामासाठी देशी बदामाची पानं वापरा. रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात हे झाड जिथे-तिथे दिसतं. झाडावरून आपोआप गळलेली, तांबडी पडून वाळलेली पानं वेचा. हिरवी तोडू नका, आणि फवारणी होते अशा बागेतली तर नकोतच. धुऊन दोन-तीन पानं टाकीत सोडा, महिन्यानं चोथा झाला की बदला.

वनस्पती आफ्रिकेतल्याच मिळतात: अनुबियास आणि बोल्बिटिस नेचा. दोन्ही मंद उजेडात तगतात. त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरला तर कुजतो, म्हणून काळ्या दोऱ्यानं लाकडाला बांधा. पुढचा-मधला भाग पोहायला मोकळा, झाडी मागे आणि कडेला. वर सावलीसाठी तरंगणारी एखादी छोटी वनस्पती सोडा. नदीतली जलपर्णी मात्र आणू नका, तिच्याबरोबर गोगलगायी आणि परजीवी फुकट येतात.

पाणी: सांगलीतला खरा प्रश्न

या माशाला मऊ ते मध्यम पाणी, ६ ते ७.५ पीएच आणि २३ ते २७ अंश तापमान मानवतं. फार्ममध्ये वाढलेली पिल्लं यापेक्षा थोडं इकडेतिकडे सोसतात, पण बोअरचं पाणी ‘थोडं’ नसतं. मिरज, वाळवा, पलूस भागातली क्षारपड जमीन सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसाच टाकीच्या काचेवरही चढतो.

पहिली खरेदी टीडीएस मीटरची करा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राची. स्वस्त असतो आणि पुष्कळ वाद मिटवतो. पाण्याचे तीन मार्ग आहेत.

नळाचं पाणी म्हणजे नदीचं, ते बहुतेक वेळा चालतं. अडचण क्लोरीनची. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की टीसीएल पावडरचा डोस वाढतो आणि नळ सोडताच वास येतो. असं पाणी थेट टाकीत गेलं तर माशांचे कल्ले भाजतात. उघड्या ड्रममध्ये एअर पंप लावून चोवीस तास ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन लेबलवरच्या मापानं घाला.

बोअरचं पाणी असेल तर त्यात फिल्टरच्या जारचं पाणी मिसळा. समजा बोअरचा टीडीएस ९०० आहे आणि जारच्या पाण्याचा ५०. एक भाग बोअर आणि तीन भाग जार घेतलं तर मिश्रण २६० च्या आसपास येतं. तेवढं पुरे. निव्वळ जारचं पाणी कधीच भरू नका. त्यात क्षार इतके कमी असतात की पीएच एका रात्रीत घसरू शकतो.

तिसरा मार्ग पावसाचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो. सुरुवातीचे दोन-तीन पाऊस जाऊ द्या, पत्रे आणि पन्हळी धुऊन निघू द्या, मग स्वच्छ ड्रम लावा. नव्या सिमेंटच्या स्लॅबवरून उतरलेलं पाणी घेऊ नका, त्यात चुना येतो. झाकून, अंधारात ठेवलेलं पाणी बरेच आठवडे टिकतं.

मासे आणण्याआधी टाकी पिकवावी लागते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज मागून आणा, काम लवकर होतं. पीएच जास्त असला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, त्यामुळे कडक बोअरच्या पाण्यात घाई केली तर फटका मोठा बसतो. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

मासे आणताना

पिल्लांतले नर-माद्या ओळखणं अवघड. पाठीवरचा आणि शेपटीचा पर किंचित लांबायला लागलेला दिसला तर तो नर. दुकानदाराला खायला घालून दाखवायला सांगा. खाणं पडताच वर झेपावतो तो मासा घ्या, पोट खपाटीला गेलेला, कोपऱ्यात एकटा उभा असलेला सोडा. गठ्ठ्यानं, एकाच दुकानातून, एकाच वेळी दहा घ्या. माल त्याच दिवशी आला असेल तर आठवडाभर थांबायला हरकत नाही. प्रवासातच मरायला टेकलेले मासे तोवर दुकानदाराकडेच कळतात.

घरी पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. नंतर मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत सोडून सलाईनच्या नळीनं टाकीतलं पाणी थेंब-थेंब बादलीत येऊ द्या. नळीच्या चाकामुळे वेग हवा तेवढा ठेवता येतो. बादलीतलं पाणी तिप्पट झालं की जाळीनं मासे उचलून टाकीत सोडा, बादलीतलं पाणी फेका. त्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. घरात आधीपासून इतर मासे असतील तर नव्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलेलं केव्हाही चांगलं.

खाणं

रोजची पेलेट चांगल्या कंपनीची आणि बारीक घ्या. बसल्या जागी मासे दोन मिनिटांत संपवतील एवढीच, दिवसातून दोनदा. आठवड्यातून एकदा उकडलेला मटार साल काढून, कुस्करून द्या. पाला मिळाला नाही तर हे मासे अनुबियासचे कोवळे शेंडे कुरतडतात. अधूनमधून डाफ्निया (पाण्यातले पिसवेएवढे कवचधारी जीव) किंवा डासांच्या अळ्या. गटारातले ट्युबिफेक्स कृमी मी देत नाही, त्यांच्याबरोबर काय येईल याचा भरवसा नाही.

पहिल्या वळवानंतर दिव्याभोवती पंखांची वाळवी जमते. घरात फवारणी झालेली नसेल तर चिमूटभर पाण्यावर टाकून बघा. क्षणभर काही होत नाही. मग खालून एक नर तिरका येतो, तोंड वर, टप्प असा आवाज होतो आणि पाण्यावर चार पंख तेवढे तरंगत राहतात. त्यानंतर सगळा घोळका वरच. मासा मुळात कुठल्या पाण्यातला आहे हे एवढं स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही. पंख नंतर जाळीनं काढून टाका.

सोबती

तळासाठी कोरिडोरास चालतात, आणि मिळाला तर काँगोतलाच उलटा पोहणारा सिनोडोंटिस. तो उलटा राहून पानांच्या खालची बाजू चरतो. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा नकोत, नराच्या झालरीवर त्यांचा डोळा असतो. मोठे सिक्लिड तर मुळीच नकोत.

एप्रिल ते जून

सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकीचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं. मासे उष्णतेपेक्षा तिच्या परिणामानं जास्त हैराण होतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. पाण्याच्या वरच्या थराला येऊन मासे भराभर कल्ले हलवताना दिसले तर हेच चाललंय असं समजा.

पहिला उपाय जागेचा: पश्चिमेची भिंत टाळा. दुसरा, एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं टाकी दोन-तीन अंश उतरते. झाकणाच्या जागी त्या दिवसांत मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, नाहीतर हवा आत पोचत नाही आणि उघडं ठेवलं तर मासा बाहेर. एअर स्टोन रात्रंदिवस चालू. खाणं निम्म्यावर आणा आणि ते सकाळी द्या.

बर्फाच्या पिशव्या सोडू नका. तापमान तासाभरात चार अंश खाली आणि दुपारी पुन्हा वर, हे ३१ अंशांपेक्षा वाईट.

पंख्यामुळे रोज बरंच पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. वर बोअरचं पाणी भरत गेलात तर मे अखेरीला टीडीएस दीडपट झालेला असतो, आणि जूनमध्ये मासे ‘अचानक’ मरायला लागतात. म्हणून रोजची घट जारच्या पाण्यानंच भरून काढा. साप्ताहिक बदलाचं पाणी नेहमीचं मिश्रण.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी २०० वॅटचा हीटर पुरतो, २४ वर लावून ठेवा. त्या दिवसांत अंगावर पांढरे ठिपके दिसले तर तापमान दोन दिवसांत हळूहळू २९-३० वर न्या आणि हवा वाढवा. औषध लागलंच तर लेबलवरच्या निम्म्या मात्रेपासून सुरू करा, टेट्रांना तीव्र डोस झेपत नाही.

अंडी

जोडी जमवण्यापेक्षा चांगल्या पोसलेल्या दोन माद्या आणि एक नर वेगळ्या दोन फुटी टाकीत घ्या. मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी, २६ अंश, तळाला जावा मॉसचा जाड थर. संध्याकाळी सोडा, सकाळचा उजेड पडला की नर मादीच्या मागे लागतो. अंडी कशाला चिकटत नाहीत, तळाशी मॉसमध्ये पडतात. एका वेळी तीनशेपर्यंत. आईबापच ती खातात, म्हणून काम झालं की त्यांना लगेच काढा. बुरशीसाठी मिथिलिन ब्ल्यूचे काही थेंब. पिल्लं बाहेर यायला सहा दिवस लागतात. इतर टेट्रांची अंडी दोन दिवसांत फुटतात, त्या हिशोबानं कंटाळून टाकी ओतून देऊ नका. पोहायला लागल्यावर आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव), मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवाची ताजी पिल्लं.

पूर आणि वीज

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची खूण ४५ फुटांवर असताना. अशा वेळी वीज आणि नळ दोन्ही जातात. जुलै सुरू होताच बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि जादा सेल घरात ठेवा, आणि चारेक जारभर पाणी क्लोरीन काढून झाकून ठेवा. वीज गेली की खाणं पूर्ण बंद. मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात, पण न खाल्लेलं खाणं त्यांना मारतं. पंप नसेल तर दर तासाला मगभर पाणी काढून वरून धारेनं ओता. तळमजला रिकामा करायचा झाला तर घोळका झाकणाच्या दोन मोठ्या बादल्यांत वाटा, वर ओलं फडकं बांधा आणि बादल्या अंधारात ठेवा.

वीज आल्यावर बंद पडलेला कॅनिस्टर (टाकीबाहेरचा डब्याचा फिल्टर) तसाच सुरू करू नका. आत अडकलेलं पाणी कुजून विषारी झालेलं असतं. आधी ते ओतून टाका, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मगच बटण दाबा.